बोनेटवरचे टवके आणि दारावरचा पोचा: पूर्ण पॅनल रंगवण्याआधी एवढं तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही कळेल. चार वर्षांची गाडी, रंग मेटॅलिक करडा, सोलापूर-पुणे हायवेवर नेहमीचं जाणं-येणं. बोनेटच्या पुढच्या कडेला खडी उडून दहा-बारा टवके गेलेत, त्यांतल्या दोनांत तपकिरी ठिपका दिसायला लागलाय. शिवाय जुळे सोलापुरात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचं हँडल लागून मागच्या दाराला रुपयाएवढा पोचा आलाय, पण तिथला रंग शाबूत आहे. गॅरेजवाल्याने बोनेट आणि दार दोन्ही पूर्ण रंगवायला सांगितलंय. तुम्ही विचारताय, की टच-अपची, म्हणजे टवके भरायच्या रंगाची, बाटली आणून घरीच भागेल का.

बहुतेक भागेल. मी सोलापुरातच डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो आणि असा प्रश्न घेऊन आलेल्या बऱ्याच लोकांना काम न करताच परत पाठवतो. कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, पत्रा गंजू नये. दोन, गाडी चांगली दिसावी. पहिला प्रश्न तातडीचा आहे आणि त्याला खर्च फारसा येत नाही. दुसरा खर्चिक आहे आणि थांबू शकतो. तुम्हाला जास्त खुपतोय तो पोचा, पण रंग फुटलेला नसेल तर तो पोचा पाच वर्षं तसाच राहिला तरी पत्र्याला काही होणार नाही. ते दोन तपकिरी ठिपके मात्र पावसाळ्याच्या आत बंद करायला हवेत.

पूर्ण पॅनल रंगवायला मी एवढा का कचरतो, ते सांगतो. कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा आधी फॉस्फेटच्या टाकीतून काढतात, मग विजेच्या साहाय्याने त्यावर प्रायमरचा थर बसवतात. त्याला आमच्यात ईडी कोट म्हणतात. हा थर साधारण २० मायक्रॉनचा असतो आणि तो १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो. त्यावर सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, मग रंगाचा बेस कोट, मग क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा भाग. गाडी तयार झाल्यावर ते तापमान तिला पुन्हा देताच येत नाही, कारण वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं आत बसलेलं असतं. चांगल्यातलं चांगलं बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोलीसुद्धा ६० अंशांच्या आसपास भाजतं. उघड्या शेडमध्ये काम होत असेल तर तेवढंही नाही. म्हणून कंपनीचा रंग घासून काढला की तो गेलाच. दहा टवक्यांसाठी अख्ख्या बोनेटचा चांगला रंग घासायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

दुसरी गोष्ट गॅरेजवाले आधी सांगत नाहीत. तुमचा रंग मेटॅलिक आहे. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि स्प्रे गनचा दाब, अंतर, थिनरचं प्रमाण बदललं की ते कण वेगळे बसतात. त्यामुळे रंगाचा कोड तोच असला तरी छटा हलते. नुसतं बोनेट रंगवलं तर शेजारच्या दोन्ही फेंडरशी, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांशी, फरक दिसतो, उन्हात तर ठळकच. तो लपवायला रंग फेंडरवर थोडा उतरवावा लागतो आणि मग त्यांवरही पूर्ण क्लिअर मारावं लागतं. म्हणजे एका पॅनलचं काम तीन पॅनलांचं होतं. नीट करणारा पेंटर हे आधीच सांगेल आणि तसेच पैसे मागेल. जो फक्त बोनेटचे पैसे सांगतोय, त्याला विचारा, फेंडरशी रंग कसा जुळवणार म्हणून.

आता टवका किती खोल आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. गाडी धुऊन सावलीत घ्या. टवक्यावर पाण्याचा थेंब टाका. ओलं असताना खूण दिसेनाशी होत असेल तर फक्त क्लिअर दुखावलंय, तिथे रंग लावायची गरज नाही, पॉलिशने भागतं. ओल्यातही पांढरट किंवा राखाडी ठिपका दिसत असेल तर रंग गेलाय आणि प्रायमर उघडा पडलाय. नख फिरवून कड लागते का तेही बघा. चकचकीत धातू किंवा तपकिरी दिसत असेल तर पत्रा उघडा आहे. तुमच्या दहा-बारांतले बहुतेक प्रायमरपर्यंतच गेलेले असणार, तसं असेल तर घाई नाही. बंपरवर टवके असतील तर तो भाग प्लास्टिकचा, तिथे गंजाचा प्रश्नच नाही. ते मी मोजतसुद्धा नाही.

एक अडचण मात्र आधी तपासा. गाडी तुम्ही नवी घेतली की कुणाकडून, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोनेट आधीच एकदा रंगवलेलं असेल तर खाली जे सांगतोय त्यातल्या थिनरच्या भागाला हात लावू नका. भाजलेल्या मूळ रंगाला थिनरचा पुसता बोळा काही करत नाही, पण स्वस्तात मारलेला एन.सी. पेंट (न भाजता नुसता थिनर उडून सुकणारा रंग) लगेच विरघळून बोळ्याला लागतो. ओळखायला बोनेटच्या आतल्या कडेला, बिजागरीच्या बोल्टांजवळ बघा. बोल्टावरचा रंग पान्याने सुटलेला आहे का, रबराच्या कडेला मास्किंगची रेघ आहे का, ते दिसतं. जुन्या गाड्या घेणाऱ्यांकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं, ते कुणाकडे मिळालं तर उत्तमच. आकडा ९० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असेल तर मूळ रंग, २५०-३००च्या वर गेला तर पुन्हा रंगवलेलं, आणि हजारावर गेला तर खाली पुट्टी आहे.

रंग घेताना 'करडा द्या' असं सांगून चालत नाही. गाडीवर रंगाचा कोड असतो. काही गाड्यांत तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो, काहींत बोनेटखालच्या पट्टीवर. मारुतीचा सुपिरिअर व्हाइट म्हणजे २६यू, सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड२एस, असे ते असतात. कंपनीची टच-अपची बाटली मिळाली तर ती घ्या, पांढऱ्याला ती पुरते. मेटॅलिकला मी रंग मिक्स करून देणाऱ्या दुकानातून ५० किंवा १०० मिली बेस कोट घ्यायला सांगतो. कोड द्याच, शिवाय पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण सुटत असेल तर ते काढून बरोबर न्या, म्हणजे चार वर्षांच्या उन्हाने उतरलेल्या रंगाशी त्यांना ताडून बघता येतं. तरीही मेटॅलिक ब्रशने लावलं की ते गनने मारलेल्यापेक्षा थोडं गडद दिसतं, कारण कण सपाट बसत नाहीत. याला घरी इलाज नाही, हे मान्य करूनच सुरुवात करा. टच-अप म्हणजे रफू आहे. अगदी जवळ जाऊन बघितलं तर कळणार, चार हातांवरून नाही, आणि भोक वाढणं थांबतं.

काम करायची वेळ सोलापुरात फार महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३च्या घरात असतो आणि उन्हातल्या बोनेटला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर रंग वरून पटकन सुकतो, आतला थिनर अडकतो आणि बारीक फोड येतात. पावसाळ्यात उलटं होतं. हवेत दमटपणा असला की सुकताना थिनर थंडावा करतं, ओल धरते आणि क्लिअर धुरकट पांढरं पडतं. सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचे, कोरडी हवा आणि सौम्य ऊन. पण तुमचे ठिपके तोपर्यंत थांबवू नका. उन्हाळ्यातच करायचं तर सकाळी सातच्या आत, सावलीत, गाडी रात्रभर उभी असताना. दुपारी वारं सुटून धूळ उडायच्या आत हात धुऊन मोकळे व्हा.

आता कृती. आधी शाम्पूने धुवा आणि नीट पुसा. इथलं बोअरचं पाणी जड असतं, तसंच वाळू दिलं तर पांढरे क्षार राहतात आणि त्यावर रंग धरत नाही. मग टवक्याभोवतीचं मेण, पॉलिश, तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं. रॉकेलही नको, ते तेलकट थर सोडतं. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं, ते बोनेटवर उडालेलं असेल तर रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खळगा राहतो. म्हणून पुसण्यात कंजुषी करू नका, दोनदा पुसा आणि दर वेळी फडकं बदला.

तपकिरी ठिपक्यांवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. रंग लावण्यापेक्षा हे महत्त्वाचं. गंज तसाच ठेवून वर रंग भरला तर तो आतून पसरत राहतो आणि वर्षभराने तिथे फुगवटा येतो, मग खरंच पॅनल रंगवावं लागतं. कटरचं टोक किंवा जाड सुई घेऊन टवक्याच्या कडेचा सुटा रंग उचला. जिथे रंग पत्र्याला घट्ट धरून आहे तिथपर्यंतच जा. पेन्सिलच्या मागच्या टोकाला ४०० नंबरच्या पाणीपेपरचा (ओला करून वापरायच्या सँडपेपरचा) गोल तुकडा चिकटवा आणि तेवढाच ठिपका फिरवत घासा, धातू चमकेपर्यंत. बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर टूथपिकच्या टोकाने लावा. तो गंज काळा पाडतो. बाटलीवर दिलाय तेवढा वेळ थांबा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मग प्रायमरचा एक ठिपका. इतर टवक्यांत प्रायमर आधीच आहे, तिथे हे काही करायचं नाही.

रंग लावताना बाटलीतला ब्रश वापरू नका. तो टवक्यापेक्षा मोठा असतो आणि सगळीकडे गोळा करतो. टूथपिक किंवा चित्रकलेचा अगदी बारीक ब्रश घ्या. बाटली चांगली हलवा, मेटॅलिकचे कण तळाशी बसतात. टोकाला थेंबभर रंग घ्या आणि तो टवक्याच्या मध्यावर टेकवा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो, ओढायचा नाही. पहिला थर खड्डा भरणार नाही, भरूही नये. अर्ध्या तासाने दुसरा, मग तिसरा. सुकताना रंग खाली बसतो, त्यामुळे पातळ थर तीन-चार लागतातच. जाड एक थर दिला तर वरून साय धरल्यासारखं होतं आणि आत ओलं राहतं. कडेबाहेर रंग गेला तर बोटाला घट्ट फडकं गुंडाळून थिनरचा ओलसर हात लगेच फिरवा. मूळ रंगाला धोका नाही, पण वर म्हटल्याप्रमाणे आधीच्या रिपेंटवर हे करू नका.

बेस कोट सुकला की निस्तेज दिसेल, घाबरू नका. त्यावर क्लिअरचे दोन ठिपके, तेही तसेच, आणि शेवटचा ठिपका आजूबाजूपेक्षा किंचित उंच राहू द्या. ब्रशने लावायला हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, नसलेलं साधं क्लिअर पुरतं. हार्डनर मिसळून वापरायचं टू-के क्लिअर जास्त टिकतं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात जाणं वाईट. ते बंद पार्किंगमध्ये स्प्रे करण्याचा प्रयत्न कुणीही करू नये, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही.

इथपर्यंत आलात की थांबलात तरी चालेल. पुढची पायरी म्हणजे तो उंचवटा घासून सपाट करणं, आणि घरच्या कामात जे बिघडतं ते बहुतेक इथेच. करायचंच तर आठवडाभर थांबा, कारण साधं टच-अप थिनर उडूनच सुकतं आणि वरून कोरडं लागलं तरी आत मऊ असतं. मग खोडरबराच्या तुकड्याला २००० नंबरचा पाणीपेपर गुंडाळा, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि फक्त उंचवट्यावर दोन-चार हलके हात फिरवा. पुसा, बघा, पुन्हा. मग ३०००, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. भोवतीच्या क्लिअरची जाडी ४०-५० मायक्रॉनच आहे, आणि त्यातलं फार उडालं तर उन्हापासूनचं संरक्षण जातं. बोनेटच्या कडांवर आणि उठलेल्या रेघांवर रंग मुळातच पातळ असतो. तुमचे टवके नेमके पुढच्या कडेला आहेत, म्हणून तिथे घासूच नका असं मी सांगेन. बारीक उंचवटा हाताला लागेल, डोळ्याला फारसा दिसणार नाही.

नेलपॉलिश लावून चालेल का, हेही काही जण विचारतात. आपल्या उन्हात ते तडकतं, पिवळं पडतं आणि भेगांतून पाणी आत घेतं. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणारी पूड, ती ओरखडा भरत नाही.

आता दाराचा पोचा. रंग खरंच शाबूत आहे ना, हे मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा. केसासारखी चीर दिसली नाही तर पीडीआर, म्हणजे रंगाला हात न लावता मागून सळईने पत्रा हळूहळू उचलायची पद्धत, हाच योग्य मार्ग. पट्ट्यांच्या दिव्याचं प्रतिबिंब पोच्यावर पाडतात, ती वाकलेली रेघ सरळ होईपर्यंत मागून थोडं थोडं दाबत जातात. पुट्टी नाही, रंग नाही. हे जमेल की नाही ते पोचा कुठे आहे यावर ठरतं. दाराच्या मधल्या सपाट भागात, काचेच्या फटीतून सळई पोचेल अशा जागी असेल तर छान निघतो. दाराच्या कडेला, दुहेरी पत्र्यावर किंवा बॉडी लाइनवर, म्हणजे पत्र्याच्या उठलेल्या रेघेवर, असेल तर अवघड, आणि टोकदार घाव बसून पत्रा ताणला गेला असेल तर पूर्ण निघत नाही. स्कूटरच्या हँडलचा रबरी टोकाचा घाव बहुधा गोल असतो, म्हणून तुमच्या बाबतीत मला आशा आहे. जवळपास असं काम करणारा नसेल तर पुण्याला तुम्ही जाताच, तिथे दाखवून घ्या. पोच्याला घाई नाही.

गरम पाणी किंवा हेअर ड्रायर-बर्फाचे व्हिडिओ बघून दाराशी खेळू नका. उकळतं पाणी प्लास्टिकच्या बंपरला लागू पडतं, कारण ते प्लास्टिक गरम झालं की मऊ होतं आणि मागून ढकललं की जागेवर येतं. लोखंडी पत्र्याला तेवढ्या उष्णतेने काही होत नाही. गोंद लावून ओढायचे सेटही मिळतात. मूळ रंगावर ते सांभाळून चालतात, रिपेंटवर लावले तर ओढताना रंगच उचलून येतो.

रंगवणंच योग्य अशीही वेळ असते. क्लिअर पापुद्र्यासारखं सुटायला लागलं असेल, रंगाखाली फुगे आले असतील, टवका करंगळीच्या नखापेक्षा मोठा असेल, किंवा टवके इतके दाट असतील की त्यांच्यामधली जागाच उरली नसेल, तर टच-अपचा उपयोग नाही. तेव्हा मी स्वतःच रंगवून घ्या म्हणतो. तुम्ही वर्णन केलंय त्यात यातलं काही नाही.

विम्यातून करून घ्यावं का, असंही शेवटी लिहिलंय तुम्ही. हिशोब करा. एकही क्लेम न करता पाच वर्षं गेली तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांवर पोचतो, चार वर्षांना ४५. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्य, बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं नसेल तर. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये तुमचे जातात, त्यावरच्या गाडीला २०००. झिरो डेप, म्हणजे भागांची घट न कापणारी पॉलिसी, असली तरी हे चुकत नाही. टवक्यांसाठी क्लेम करणं मला तोट्याचं दिसतं. पुढे कधी मोठी ठोकर लागून बोनेट बदलायची किंवा रंगवायची वेळ आलीच, तर हे टवके त्यातच निघतील.

आणि नवे टवके कमी करायचे तर दोन गोष्टी. गळीत हंगामात मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि खडीचे टिपर पुढे असतात, त्यांच्या मागे चिकटून गाडी चालवू नका. सोडलेलं अंतर हीच बोनेटची राखण. दुसरं, टच-अप पूर्ण वाळल्यावर, म्हणजे महिनाभराने, बोनेटच्या पुढच्या दीड-दोन फुटांवर पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी फिल्म लावून घेता येते. अख्ख्या गाडीला लावायची गरज नाही. फक्त लावणाऱ्याला टच-अप कुठे केलंय ते दाखवा, म्हणजे फिल्म सरकवताना तो तिथे जोर देणार नाही. आणि ती काढायची वेळ आली तर आधी गरम करून, तिरकी धरून सावकाश काढायला सांगा, नाहीतर भरलेले ठिपके फिल्मबरोबर निघून येतात.